सुकाणूच्या चाकाला गुंडाळलेलं सूत

मित्रांनो, मी एक जुनं चाक आहे. बैलगाडीचं नाही आणि मोटारीचं तर नाहीच. मी नावेच्या सुकाणूचं चाक आहे. परभणी जिल्ह्यात समुद्र नाही, मग हे चाक इथं आलं कुठून, असं तुम्हाला वाटत असेल. तरी तुम्ही मला रोज बघता. शाळेच्या व्हरांड्यात, पाण्याच्या टाकीशेजारच्या भिंतीवर मी बसवलेला आहे. मधल्या सुट्टीत तुम्ही मला गरागरा फिरवता, माझ्या मुठींना दप्तरं अडकवता. एकदा तर कुणीतरी ओली चड्डी वाळत घातली होती. माझी तक्रार नाही. चड्डी काय आणि हार काय, मला आता दोन्ही सारखंच. इतकी वर्षं ऊन, वारा आणि माणसांचे हात सोसले की लाकडाला फारसं काही वाटेनासं होतं.

माझा जन्म मुंबईच्या बंदराजवळ एका सुताराच्या कारखान्यात झाला. लाकूड अस्सल सागाचं. आठ मुठी, मधोमध पितळेची चकती आणि तिच्यावर आंब्याएवढा पितळी नट. सुतारानं मला तेलपाणी करून उन्हात ठेवलं तेव्हा शेजारी माझ्यासारखीच आणखी चाकं होती. ती सगळी समुद्रावर गेली. मी मालमोटारीत चढलो आणि जिंतूर तालुक्यात उतरलो. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, ते असं.

पूर्णा नदीवरच्या धरणाच्या पाण्यात साहेब लोकांची एक इंजिनाची नाव होती. धरणात गाळ किती साचला ते मोजायला ते तिच्यातून फिरत. मला त्या नावेत बसवलं. माझं काम सोपं होतं. माझ्या मधून एक लोखंडी दांडा मागच्या लाकडी पेटीत जायचा. पेटीच्या फळीत दांड्यासाठी पितळेची नळी बसवलेली होती, तिला बुश म्हणतात. पेटीत दांड्यावर पोलादी तार गुंडाळलेली. ती तार कप्प्यांवरून, पायाखालच्या फळ्यांखालून नावेच्या शेपटापर्यंत जायची आणि तिथलं पातं ओढायची. मी वळलो की पातं वळायचं, पातं वळलं की नाव वळायची. एवढंच. पण यातली एक जागा जरी अडली, तरी सगळं अडतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

काही वर्षांनी इंजिन बिघडलं. दुरुस्तीचा कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरला आणि नाव काठावर चिखलात पडून राहिली. माझ्या मुठींवर बगळे बसू लागले. शेवटी साहेबांनी इंजिन काढून नेलं आणि उरलेली नाव नव्या आंबेटाकळीच्या लोकांना देऊन टाकली.

आंबेटाकळी हे गाव धरणात बुडालं होतं. माणसं वर माळावर येऊन राहिली, ती नवी आंबेटाकळी, म्हणजे तुमचं गाव. पण गावाची एक वस्ती पाण्याच्या पलीकडे उंचावर होती, ती तिथंच राहिली. मध्ये पाणी. वस्तीतल्या पोरांना शाळेत यायचं, बायकांना दळण आणायचं, माणसांना बोरीच्या बाजाराला जायचं, तर नावेशिवाय सोय नव्हती. धरणाच्या भिंतीवरून वळसा घालून रस्ता होता, पण त्यात अर्धा दिवस जायचा.

नाव चालवायचा जिम्मा लिंबाजीनं घेतला. लिंबाजी काही नावाडी नव्हता. शेतकरी होता, आणि त्याचं सगळं शेत पाण्याखाली गेलेलं. त्याच्या बांधावरची मोठी चिंच पाण्यात उभ्या उभ्या वाळली होती. फांद्या मोडून गेल्या, आणि धरण भरलं की उरलेला बुंधा पाण्याखाली हातभर लपायचा. नावेला तोच मोठा धोका. लिंबाजीला ती जागा डोळे मिटूनही कळायची. चिंचेच्या अलीकडे तो मला डावीकडे जोरात वळवायचा आणि नाव वस्तीच्या घाटाकडे काढायचा. “शेत गेलं, पण लिंबाजीनं बांध सोडला न्हाई,” असं लोक त्याला चिडवत. तो नुसता हसायचा.

इंजिन नव्हतं म्हणून शीड लावलं. ते लिंबाजीच्या बायकोनं, धुरपताबाईनं शिवलं. खताच्या रिकाम्या पोत्यांचं. शिडावर युरियाचा छाप उलटा यायचा आणि वारा भरला की आख्ख्या जिल्ह्याला खत विकायला निघाल्यासारखे आम्ही दिसायचो. शिडाची दोरी सांभाळायला सिताराम नावाचा लिंबाजीचा चुलतभाऊ असायचा. लिंबाजीचे दोन्ही हात माझ्यावर.

आम्ही कामाला लागलो तो १९७८चा पावसाळा. विद्यापीठाच्या नामांतरावरून सगळा मराठवाडा पेटला होता. एस्ट्या बंद, बाजार बंद. नावेला मात्र बंद नव्हता. त्या दिवसांत नावेत बसलेली माणसं एकमेकांकडे बघत नसत, पाण्याकडे बघत. कुणाच्या गाठोड्याला जळल्याचा वास यायचा. कुणी विचारायचं नाही आणि कुणी सांगायचं नाही. लिंबाजी सगळ्यांना सारखंच पलीकडे सोडायचा. मीही सारखाच वळायचो.

पुढच्या वर्षी जेठ महिन्यात वटपौर्णिमा आली. गावाचा वड बुडालेला. नव्या गावात लावलेलं वडाचं रोप शेळीनं खाल्लं होतं. बायकांनी बाजारातून वडाच्या फांद्या आणल्या आणि पाटावर पुजल्या. धुरपताबाईला ते पटेना. ती हातात हळदीचं सूत घेऊन तडक घाटावर आली. नावेत चढली आणि माझ्यापुढं उभी राहिली.

“काय करायलीस, कमलची माय?” लिंबाजी म्हणाला. कमल ही त्यांची मुलगी, तेव्हा सासरी गेलेली.

“तोडल्याल्या फांदीला काय मागू? तिचंच मरण तिला टळंना. ज्याच्या हाती माझं माणूस, त्यालाच सूत गुंडाळते.”

बायका वडाभोवती फिरतात. पण माझ्यामागं पेटी, पुढं माणसं. माझ्याभोवती तिला फिरता येईना. मग तिनं सुताचं टोक माझ्यामागच्या दांड्याला बांधलं, एका हातानं सूत ताणून धरलं आणि दुसऱ्या हातानं मलाच सात वेळा फिरवलं. नावेत बसलेली माणसं हसायला लागली. कुणीतरी म्हणालं, “वैनी, सात जन्म हाच नवरा पायजे का?”

“सात जन्माचं मागून बगू,” धुरपताबाई म्हणाली. “आदी ह्या जन्मात सांजंला घरी आणून सोड म्हनावं.”

मग तिनं माझ्या पितळी नटावर हळदकुंकू लावलं, आणि हलक्या आवाजात तेच पुन्हा मला म्हणाली, “माझं माणूस सांजंला घरी आण, बापा.” मित्रांनो, मला आजवर पुष्कळ लोकांनी हात लावला, पण माझ्याकडे काही मागितलं ते तिनंच. मला फार बरं वाटलं होतं. तेव्हा वाटायचं.

त्यानंतर दर वटपौर्णिमेला ती यायची. नवं सूत, सात फेरे, नटावर कुंकू. वडाचं सूत कुणी तोडत नाही. ते उन्हापावसात कुजून आपोआप गळतं. लिंबाजीलाही तेच वाटायचं, कारण महिनाभरात दांड्यावर सूत दिसेनासं व्हायचं. “गळालं बग,” तो म्हणायचा. पण ते गळत नव्हतं. मी फिरलो की दांडा फिरायचा, आणि दांडा फिरला की सूत हळूहळू बुशात ओढलं जायचं. आत अंधार, वर ग्रीस. तिथं ते कुजलं नाही. एका वर्षाच्या सुतावर दुसऱ्या वर्षाचं बसत गेलं, दाबलं गेलं, ग्रीस पिऊन घट्ट झालं. वड वाढतो, म्हणून सूत तुटतं. मी कुठे वाढणार?

मी जड होऊ लागलो. आधी थोडासा, मग चिंचेपाशी वळताना लिंबाजीच्या तोंडून हुंकार निघेल इतका. तरी वर्षं निघाली. दर सांजेला मी त्याला घाटावर आणून सोडायचो, आणि तो खांद्यावर शिडाची घडी टाकून घरी जायचा. धुरपताबाई दारात उभी असायची, असं सिताराम सांगायचा. मी काही घर पाहिलेलं नाही.

१९९१च्या भादव्यात धुरपताबाईला कावीळ झाली. पावसानं गावचा रस्ता तुटलेला, म्हणून जिंतूरला नेण्यासाठी धरणाच्या भिंतीपर्यंत तिला नावेत निजवली तेव्हा तिचे डोळे त्या सुतासारखेच पिवळे दिसत होते. जाताना तिनं एकदा माझ्याकडे हात केला, पण हात पोचला नाही. आठवड्यानं ती गेली. तेरावं झाल्यावर भेटायला आलेल्या बायका नावेत बोलत होत्या, “अहेव गेली, भाग्याची. सुताचं फळ पदरात पडलं.” लिंबाजी तेव्हा मला धरूनच उभा होता. त्याच्या हाताला काही झालं नाही. ना थरथर, ना घाम.

त्या दिवशी तो कामावर आला, तो पुन्हा घरी गेलाच नाही. घाटावर त्यानं एक खोपट घातलं आणि तिथंच राहू लागला. भाकरी सितारामाच्या घरून यायची. कमल दोनदा येऊन हाताला धरून ओढून गेली. “हिथं बरं हाय,” एवढंच तो म्हणाला. तो रडला नाही. चिडला नाही. लोक काही बोलले तर मान हलवायचा. माझ्या नटावर धुरपताबाईनं शेवटचं लावलेलं कुंकू वाळून काळपट झालं होतं. त्याला तो कुणाला हात लावू देत नसे, आणि मलाही दुसऱ्या कुणाला धरू देत नसे. सितारामालाही नाही.

आणि मी दिवसेंदिवस जड होत होतो.

शेवटी सितारामानं बोरीहून बन्सीधरला आणलं. बन्सीधर विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचा. नाव त्यानं आयुष्यात उघडली नव्हती, पण माणूस सरळ डोक्याचा होता. “मामा, जड कुठं लागतंय ते शेपटापासून बगत येऊ,” तो म्हणाला. त्यानं मागच्या पात्याची तार सोडली आणि पातं हातानं हलवलं. पातं लोण्यातल्या सुरीसारखं फिरलं. तिथं दोष नव्हता. मग फळ्या उचलून कप्प्या पाहिल्या. एक कप्पी गंजली होती, ती रॉकेलनं धुऊन तेल घातलं. तारेचे काटे निघाले होते, ते त्याच्या बोटाला टोचले. ती तार बदलून नवी ओढली आणि चांगली ताणून बसवली. ताण जास्त झाला, तसा मी आणखी जड झालो. मग ताण कमी केला. तेव्हा मी पुन्हा पहिल्याइतकाच जड.

बन्सीधर पुढं आला आणि माझ्यासमोर उकिडवा बसला.

“मामा, समदं बगितलं. एवढं चाक तेवढं राह्यलं. नट काढून चाक भाईर घेऊ का?”

लिंबाजीनं माझ्यावर हात ठेवला. “त्याला हात लावू नको. ते तिचं हाय.”

बन्सीधरनं कुंकू पाहिलं आणि पाना पिशवीत टाकला. देवाच्या ठिकाणी पाना लावायची त्याचीही छाती नव्हती. तो गेल्यावर लिंबाजी बराच वेळ आपल्या तळहातांकडे बघत बसला. “सिताराम,” तो म्हणाला, “बिघाड चाकात न्हाई. माझ्या हातातच जोर न्हाई राह्यला. हात बधिर झालेत बग. ती गेली तवापसून.”

मला ओरडून सांगावंसं वाटलं की बाबा, तुझ्या हातात काही खोट नाही, खोट माझ्या मानेशी आहे, तुझ्या बायकोनं गुंडाळलेली. पण चाकाला तोंड नसतं. हळूहळू मला ओरडावंसंही वाटेनासं झालं. तो बधिर, मीही बधिर. सकाळी पोरं इकडे आणायची, सांजेला पोरं तिकडे सोडायची. अशी दोन वर्षं गेली, आणि त्यांतला एकेक दिवस सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

ही पोरं म्हणजे वस्तीतली, नव्या आंबेटाकळीच्या शाळेत येणारी. त्यांच्यात मुली जास्त. पद्मजाबाई त्यांना शिकवायच्या. त्या परभणीच्या राहणाऱ्या, बदली होऊन इथं आलेल्या, गावातच खोली घेऊन राहत. सांजेला त्या पोरांना घाटापर्यंत सोडायला यायच्या आणि नाव पलीकडे लागेपर्यंत उभ्या राहायच्या. एकदा त्या लिंबाजीला म्हणाल्या होत्या, “काका, ही नाव आहे म्हणून या मुली शाळेत आहेत. नाव बंद झाली ना, तर यांच्या घरचे यांना खुरप्याला लावतील आणि दोन वर्षांत लग्नं करून टाकतील.” लिंबाजीनं मान हलवली.

मग १९९४ची संक्रांत आली. त्याच दिवशी विद्यापीठाच्या नामांतराची घोषणा झाली. कुणी पेढे वाटत होतं, कुणी दारं लावून आत बसलं होतं, आणि काय होईल या भीतीनं एस्ट्या पुन्हा बंद. बंद एस्ट्यांची सगळी गर्दी नावेवर आली. वस्तीतल्या बायका गावात वाण द्यायला आल्या होत्या. सांजेला त्या परत निघाल्या, ताटांत सुगडं, सुगडांत बोरं, हरभरे, उसाची कांडकी. शाळेची पोरंही होती. कसली शिस्तच राहिली नाही, ज्याला जिथं जागा मिळाली तिथं तो बसला. धरण त्या वर्षी भरलेलं, आणि पूर्वेचा वारा जोरात. शीड टम्म फुगलं.

चिंचेच्या अलीकडे लिंबाजीनं मला डावीकडे ओढलं. मी अर्धा वळलो आणि अडलो. त्यानं पाय फळीला रोवला, सगळं अंग घातलं. मी हललो नाही.

“शीड सोड, सिताराम! शीड सोड!”

सितारामानं दोरी सोडली. शीड फडफडत खाली आलं, पण नावेला वेग होता. आम्ही चिंचेवर गेलो. तळातून असा आवाज आला की कुणी आतून दार ठोठावतंय. नाव एका अंगावर कलली, बायका किंचाळल्या, सुगडं फुटली. एक लहान मुलगी पाण्यात गेली. सितारामानं उडी मारून तिला केसांनी धरून वर काढलं. कुणी बुडालं नाही. पाण्यावर तिळाच्या वड्या आणि बोरं तरंगत होती, आणि ती मुलगी ओल्या परकरात थंडीनं कुडकुडत होती. तिच्याकडे बघताना लिंबाजीचा चेहरा मी पाहिला. त्यावर काहीच नव्हतं.

सितारामानं बांबूनं रेटत नाव बुंध्यावरून सोडवली आणि कशीबशी पलीकडे लावली. तिथं वस्तीतले लोक जमले होते. त्यांच्यापुढं तो एवढंच म्हणाला, “उद्यापसून नाव बंद. माझा हात कामातून गेलाय. तुमच्या लेकरांचा जीव माझ्या हातात देऊ नका.”

कुणी नाही म्हटलं नाही. कसं म्हणणार?

दुसऱ्या दिवशी गावाकडच्या घाटावर लिंबाजी नाव आवरायला लागला. त्यानं शिडाची घडी घातली. डोलकाठीच्या दोऱ्या सोडल्या. मागं जाऊन पात्याची तार सोडली. पुढं येऊन पेटी उघडली आणि माझ्या दांड्यावरची तारही सोडली. म्हणजे आता मी कशालाही बांधलेला नव्हतो. ना पातं, ना कप्पी, ना तार. नुसतं एक रिकामं चाक. आवरून झाल्यावर तो माझ्यापुढं उभा राहिला, आणि रोजच्या सवयीनं त्यानं मला धरलं आणि डावीकडे वळवलं.

मी जडच होतो.

तो थांबला. पुन्हा वळवलं. मग खाली वाकून सुटलेल्या तारेकडे पाहिलं.

“आरं,” तो म्हणाला.

घाटावर पद्मजाबाई आल्या होत्या. नाव बंद म्हणून त्या दिवशी वस्तीतलं एकही पोर शाळेत आलं नव्हतं. लिंबाजीनं त्यांना हाक मारली, “बाई, जरा हिकडं येता का? हे फिरवून बगा बरं.”

बाई चपला काढून नावेत आल्या. मला धुरपताबाईनंतर लिंबाजीशिवाय कुणाचा हात लागला तो त्या दिवशी. बाईंनी एका हातानं वळवलं, मग दोन्ही हातांनी. “काका, हे केवढं जड आहे! तुम्ही रोज असंच फिरवत होतात?”

“तार सोडलेली हाय, बाई. काईच बांधलेलं न्हाई त्याला.”

“मग जड का आहे?”

लिंबाजीनं आपले तळहात वर करून पाहिले. मग हळूच म्हणाला, “म्हंजी माझा हात न्हाई?”

“तुमच्या हाताला काय झालंय, काका? चाकच अडकलंय की कुठेतरी.”

सिताराम सायकल घेऊन बोरीला गेला आणि दुपारपर्यंत बन्सीधर आला. पाना हातात घेऊन तो माझ्यापुढं बसला, पण हात लावीना. त्यानं लिंबाजीकडे पाहिलं. लिंबाजीनं आपल्या धोतराचा सोगा धरणाच्या पाण्यात भिजवला. नटावरचं कुंकू त्यानं स्वतः पुसलं. ते इतकं वाळलं होतं की लवकर निघेना. त्यानं घासघासून पुसलं, आणि सोग्याला लागलेला लाल डाग आतल्या बाजूला दुमडून कमरेला खोचला.

बन्सीधरनं नट फिरवला. मला ओढून बाहेर काढलं आणि फळीवर आडवं ठेवलं. मग दांडा हातोडीनं ठोकत ठोकत बुशातून सरकवला.

दांड्याला काळं, चिकट असं काहीतरी मनगटाएवढं जाड बसलेलं होतं. बन्सीधरनं चाकूच्या टोकानं त्याला चीर दिली. आत पिवळंजर्द होतं. धागे. हळदीचे.

लिंबाजी त्या चिरेकडे बघत राहिला.

“मी समजत होतो गळून गेलं,” तो म्हणाला.

“न्हाई मामा,” बन्सीधर म्हणाला. “एक धागा गळाला न्हाई. समदं हिथंच हाय.”

मग लिंबाजी खाली बसला आणि रडला. मित्रांनो, अडीच वर्षांनी रडला. तोंडावर हातसुद्धा घेतला नाही. बाई पाठमोऱ्या होऊन पाण्याकडे बघत उभ्या राहिल्या. बन्सीधर उगाच आपला पाना पुसत बसला. मी फळीवर आडवा पडलो होतो, माझ्या मधल्या भोकातून वारा जात होता, आणि मला बऱ्याच वर्षांनी काहीतरी वाटलं. मलाही दुखलं.

आता सूत काढायचं होतं. दगडासारखं घट्ट झालेलं, ते उलगडणं शक्य नव्हतं. कापावंच लागणार. बन्सीधरनं चाकू लिंबाजीपुढं धरला. “वडाचं सूत हाय, मामा. मी न्हाई कापणार. तुमीच काय ते करा.”

लिंबाजीनं चाकू घेतला. पलीकडच्या काठावर वस्तीतली पोरं येऊन उभी होती. नाव येते की नाही ते बघायला आली असतील. काल पाण्यात पडलेली मुलगीही त्यांच्यात होती, तिचा परकर लांबूनही ओळखू येत होता. लिंबाजीनं तिकडे पाहिलं.

“कमलची माय,” तो म्हणाला, अगदी ती समोर बसलेली असावी तसं, “कापायलोय बग. लेकरं खोळंबलीत.”

आणि त्यानं कापलं.

बन्सीधरनं बुश रॉकेलनं धुतला, ताजं ग्रीस भरलं, मला पुन्हा बसवलं, तार बांधली. लिंबाजीनं एक बोट माझ्या मुठीला लावलं. मी वळलो. त्या एका बोटावर मी इकडून तिकडे वळलो, आणि मागं पाण्यात पातं वळल्याचा आवाज आला. पद्मजाबाई हसल्या आणि डोळे पुसले. लिंबाजीनं शीड पुन्हा चढवलं.

पलीकडे जाताना त्यानं नाव थोडी वाकडी नेली, जुनं गाव जिथं बुडालंय तिथवर. खाली कुठेतरी तो वड आहे. लिंबाजीनं कापलेलं सूत पाण्यात सोडलं. म्हणाला, “वडाचं वडाला.” मग मला वळवलं, चिंचेला वळसा घातला आणि घाटाला नाव लावली. पोरं धावत आली. “आजची शाळा झाली की रं,” तो त्यांना म्हणाला. “सकाळी येतो. तयार ऱ्हावा.”

त्या सांजेला आम्ही परत आलो. लिंबाजीनं नाव खुंटीला बांधली, शिडाची घडी खांद्यावर टाकली. खोपटाकडे वळला, थांबला, आणि खोपट ओलांडून गावाच्या वाटेला लागला. थोड्या वेळानं सिताराम घाटावर आला तो धापा टाकत. कुणाला सांगू आणि कुणाला नको असं त्याला झालं होतं. घाटावर दुसरं कुणीच नव्हतं, म्हणून बिचाऱ्यानं नावेलाच सांगितलं, “दादानं घर उघडलं! चूल पेटिवली!”

धुरपताबाईनं माझ्याकडे तेवढंच मागितलं होतं. मी तिच्या माणसाला दर सांजेला घाटापर्यंत आणत होतो, पण तो घरी पोचला तो त्या दिवशी.

पुढचं फार नाही. आणखी काही वर्षं नाव चालली. मग तिच्या फळ्या कुजल्या, साहेबांनी दुसरी नाव दिली, तिला चाक नाही, नुसता दांडा आहे. जुन्या नावेचं सरपण झालं. पद्मजाबाईंनी मला मागून घेतलं आणि बन्सीधरनं स्वतः येऊन मला या भिंतीवर बसवलं, बुशासकट. दर वर्षी पहिल्या पावसाआधी तो माझं ग्रीस बदलून जातो. संक्रांतीला पाण्यात पडली म्हणून मी जिचं सांगितलं, ती आता तुम्हाला तिसरीचं गणित शिकवते. तिला विचारा हवं तर.

मित्रांनो, वस्तूवर माया करा. हळदकुंकू लावा, सूत बांधा, माझी ना नाही. मला ते आवडलं होतं. पण वर्षातून एकदा तिला उघडून आतही बघत जा. नुसत्या पूजेनं यंत्र चालत नाही, आणि जिच्यावर माया असते तिच्याच पोटात आपण सगळ्यात शेवटी बघतो. आणि आणखी एक. कधी मला फिरवताना मी जड लागलो, तर ‘आपल्याच हातात जोर नाही’ असं म्हणून गप्प बसू नका. लिंबाजी तसा बसला होता. आधी मला उघडा. पाना मोठ्या बाईंच्या खोलीत, दाराआड खिळ्याला टांगलेला आहे.